नकाशावरचे तीन दोरे

"मॅडम, ते चुकलंय."

वर्ग रिकामा होता. निदान मी तरी तसं धरून चालले होते. शनिवारची दुपार, बाहेर सप्टेंबरचा पाऊस कंटाळल्यासारखा भुरभुरत होता, आणि मी विद्यापीठातल्या गणित विभागाच्या मागच्या खोलीत रिकाम्या बाकांना हेलीचं प्रमेय समजावून सांगत होते. सोमवारी माझा सेमिनार होता. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला प्रत्येकाला एक द्यावाच लागायचा. मला माणसांसमोर बोलायची इतकी धास्ती, की आधी बाकांसमोर बोलून बघावं म्हटलं. तर त्यातला एक बाकच बोलायला लागला.

शेवटच्या रांगेतून एक डोकं वर आलं. केस विस्कटलेले, गालावर वहीच्या तारेचे वळ. तो तिथं आडवा होऊन झोपला होता आणि माझ्या आवाजानं जागा झाला होता.

"काय चुकलंय?" मी जमेल तितक्या कडक आवाजात विचारलं.

"तुम्ही म्हणालात, कुठलेही दोन आकार एकमेकांना भेटत असले की सगळ्यांचा मिळून एक बिंदू असतो. नसतो."

"पुस्तकात आहे."

"पुस्तकात तीन आहे. कुठलेही तीन. घाईघाईत तुम्ही दोनवर आणलंत."

गणिताचं नाव काढलं की ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, त्यांच्यासाठी जरा थांबून सांगते. कॉन्व्हेक्स म्हणजे असा आकार, की त्यातले कुठलेही दोन बिंदू सरळ रेघेनं जोडले तर ती रेघ आकाराच्या बाहेर जात नाही. भाकरी कॉन्व्हेक्स आहे, केळं नाही. आता कागदावर असे हवे तितके आकार काढा. त्यातले कुठलेही तीन उचलले आणि दर वेळी त्या तिघांना समाईक असा एखादा बिंदू सापडला, तर सगळ्याच्या सगळ्या आकारांना समाईक असा एक बिंदू असतोच. एवढंच ते प्रमेय. तीन-तीनचं जमलं की सगळ्यांचं जमतं. मला ते फार आवडायचं, अजून आवडतं.

तो उठून फळ्यापाशी आला. माझ्या हातातला खडू घेतला, म्हणजे मागितला, पण मी देईपर्यंत थांबला नाही, आणि तीन लांबट काड्या काढल्या. पहिली दुसरीला छेदते, दुसरी तिसरीला, तिसरी पहिलीला. मध्ये एक रिकामा त्रिकोण.

"हे बघा. दोघादोघांचं जमतंय. तिघांचं एकत्र कुठं जमतंय?"

मी त्या रिकाम्या त्रिकोणाकडे बघत राहिले. बरोबर होतं, आणि म्हणूनच राग आला.

"तुम्ही कोण?" मी विचारलं.

"प्रणय."

मी काय करू, त्याच्या आईनं ठेवलंय. मला हसू आलं ते त्यानं पाहिलं आणि सवयीचं असल्यासारखं सोडून दिलं. तो इथूनच एम.एस्सी. झालेला, माझ्या दोन वर्षं पुढचा. शहरातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायचा. घर फर्दापूरला, अजिंठ्याच्या पायथ्याशी. पहाटेची एस्टी धरून यायचा, तास घ्यायचा, आणि परतीच्या गाडीपर्यंत आमच्या विभागाच्या मागच्या खोलीत झोपायचा. हे विभागात सगळ्यांना माहीत होतं, एक मी सोडून.

सोमवारी मी तीन म्हणाले. सेमिनार चांगला झाला. शेवटच्या रांगेत तो जागा होता.

ही सहा-सात वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा गावाचं नाव औरंगाबाद होतं, आता छत्रपती संभाजीनगर आहे. मी मात्र मनात त्याला नुसतंच 'आपलं गाव' म्हणते. दूर राहणाऱ्या माणसाला तेवढं पुरतं.

त्या सेमिनारनंतर आमचं चहाचं नातं जमलं. विभागाच्या मागे एक टपरी होती, तिथल्या बाकड्यावर बसलं की डोंगर दिसायचे, पावसानं हिरवे झालेले. त्याला कुठल्याही गोष्टीत मोडता घालायची सवय. मी काहीही म्हटलं, की तो डोळे बारीक करून ते खोटं ठरेल असं एखादं उदाहरण शोधायचा. उलटी उदाहरणं काढण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण सिद्धता मात्र त्याला सुचायची नाही. ती मला सुचायची.

ऑक्टोबरात त्यानं सीताफळं आणली, फर्दापूरच्या डोंगरातली, मऊ झालेली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. आम्ही तिथंच बाकड्यावर खाल्ली. बोटं चिकट झाली होती. बिया वर्तमानपत्रावर पडत होत्या.

"आता मला ते प्रमेय समजावून सांगा," तो म्हणाला. "चार आकारांसाठी. मला सिद्धता पाठ येते, पण पटत नाही."

"पाठ येते आणि पटत नाही? मग तुम्ही पोरांना काय शिकवता?"

"पाठ करायला."

मी चार काळ्या बिया घेतल्या आणि वर्तमानपत्रावर टाकल्या. "चार आकार. त्यातले कुठलेही तीन भेटतात. म्हणजे पहिला सोडून बाकीचे तीन जिथं भेटतात तिथं ही बी. दुसरा सोडून तिघं जिथं भेटतात तिथं ही दुसरी. अशा चार बिया. बरं?"

"बरं."

"चार बिया कशाही टाका, दोनच गोष्टी होतात. एक तर तिघींच्या त्रिकोणात चौथी येऊन बसते..." मी एक बी सरकवली. "नाहीतर चौकोन होतो, आणि त्याचे कर्ण एकमेकांना छेदतात. आत बसलेली बी असो नाहीतर कर्णांचा छेद असो, तो बिंदू चारही आकारांत असतो. असावाच लागतो, कारण आकार कॉन्व्हेक्स आहेत. दोन बिंदूंच्या मधलं त्यांना सोडता येत नाही."

तो बियांकडे बघत होता. मग त्यानं एक बी उचलून लांब ठेवली. चौकोन. मग जवळ आणली. त्रिकोणात चौथी. पुन्हा लांब. त्याला उलटं उदाहरण सापडत नव्हतं, आणि त्या न सापडण्याचा आनंद त्याच्या तोंडावर असा काही पसरला, की मी पुढचं बोलायचं विसरले.

"पटलं?" मी विचारलं.

"पटलं. तू फार छान सांगतेस," तो म्हणाला, आणि थबकला. "म्हणजे... तुम्ही."

"राहू द्या," मी म्हटलं. मग धीर करून दुरुस्त केलं, "राहू दे."

त्यानंतर सगळा हिवाळा कसा गेला, मला नीट सांगता येणार नाही. काहीच घडलं नाही, आणि दिवस पुरायचे नाहीत. आम्ही सोनेरी महालापर्यंत चालत जायचो आणि वाटेत दिसेल त्याचे आकार ठरवायचो. हे कॉन्व्हेक्स, ते नाही. एकदा माझी ओढणी बाभळीला अडकली तेव्हा त्यानं ती काटा-काटा करून सोडवली, इतकी सावकाश, की बाभूळ आणखी दाट हवी होती असं मला वाटलं. तो माझ्यावर प्रेम करत होता हे मला कळत होतं. मी करत होते हे तर मला त्याच्याही आधी कळलं होतं. पण त्यानं काही म्हटलं नाही, मीही नाही. आम्ही गणितवाले. सिद्ध झाल्याशिवाय बोलायचं नाही, अशी आमची खोड.

पावसाळ्याच्या तोंडाला मला पीएच.डी.साठी दोन ठिकाणांहून बोलावणं आलं. एक पुणे, दुसरं हैदराबाद. हैदराबादला याच विषयात काम करणाऱ्या एक बाई होत्या; त्यांच्या हाताखाली शिकायला मिळावं म्हणून मी वर्षभर रात्रीचं जागरण केलं होतं. दोन्हीपैकी एका ठिकाणी सोमवारपर्यंत होकार कळवायचा होता.

शुक्रवारी मी भारताचा मोठा नकाशा आणि आईच्या शिलाई मशीनच्या खणातले तीन रंगांचे दोरे घेऊन विभागात गेले. आमच्याकडे ही पद्धतच होती. पोरापोरींना जेवायला कुठं जायचं हे ठरत नसलं, तरी फळ्यावर प्रत्येकाचा आकार काढायचा आणि समाईक भाग शोधायचा. नकाशा पुठ्ठ्यावर लावला, टाचण्या टोचल्या, आणि मी हिरवा दोरा घेतला.

"हा मी. पुणे ते हैदराबाद."

"मध्ये सोलापूर येतंय," प्रणय म्हणाला. "सोलापुरात चादरी विणत पीएच.डी. करणार का?"

"कॉन्व्हेक्स आहे. मधलं सोडता येत नाही."

तो हसला. मग त्यानं न विचारता तांबडा दोरा उचलला. मी त्याला नकाशावर ये म्हटलं नव्हतं. एक टाचणी त्यानं फर्दापूरला लावली, एक आपल्या गावाला, एक पुण्याला, आणि त्यांच्याभोवती दोरा ओढला.

"हा मी," तो म्हणाला. "आई दुकानात एकटी असते. तिनं सकाळी फोन केला तर संध्याकाळपर्यंत पोचता आलं पाहिजे. पुण्याच्या पुढं... नाही जमायचं."

त्याची आई मनकर्णाबाई फर्दापूरच्या फाट्यावर पर्यटकांना दगड विकायच्या; फोडले की आत स्फटिक निघतात ते. नवरा गेल्यावर त्याच दगडांवर त्यांनी पोराला शिकवलं होतं.

"आणि हा पिवळा?"

"बाबा," मी म्हटलं. "त्यांचं म्हणणं, डोळ्यासमोर राहा, नाहीतर आपल्या माणसांत राहा. हैदराबादला माझी आत्या आहे, पारूआत्या. म्हणजे इथून हैदराबादपर्यंत."

मी पिवळा दोरा ओढला. हिरवा आणि तांबडा पुण्याला भेटत होते. तांबडा आणि पिवळा आपल्या गावात. पिवळा आणि हिरवा हैदराबादेत. मधोमध बीड आणि लातूर घेऊन एक रिकामा त्रिकोण पडला होता, आणि त्यात कुणाचाच दोरा नव्हता. त्यानं पहिल्या दिवशी फळ्यावर काढलेल्या तीन काड्या आता आमच्या होत्या.

मी वाट बघत होते. यातही तो मोडता घालेल, काहीतरी शोधून काढेल.

"हैदराबादला जा," तो म्हणाला. "तुझ्या बाई तिथं आहेत."

"एरवी प्रत्येक गोष्टीत काहीतरी काढतोस. आज का नाही काढत?"

"आज मला उलटं उदाहरण मिळावं असं इतकं वाटतंय ना, मेघा, की मिळालं तरी मी त्याच्यावर विश्वास ठेवणार नाही." तो खिडकीकडे वळला. "चल. गाडी जाईल माझी."

गाडीला अजून पुष्कळ वेळ होता. मी नकाशा गुंडाळला आणि घरी आले. येताना क्रांती चौकात सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा मी रडत होते आणि रिक्षावाले काका आरशातून बघून न बघितल्यासारखं करत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा पहिल्या पाळीवरून आले. माझे बाबा, कडुबा, वाळूजच्या एका कारखान्यात होते. कंपनीची बस चौकात सोडायची, तिथून चालत घरी. आले की आधी हातपाय धुवायचे, मग बाबासाहेबांच्या फोटोखालच्या खुर्चीत बसून चहा घ्यायचे. त्या दिवशी खुर्चीपर्यंत पोचलेच नाहीत. मी नकाशा पलंगावर पसरून बसले होते. हैदराबादला होकार लिहायला घेतला होता आणि पहिली ओळ सुचत नव्हती.

"ह्ये काय मांडलंय गं?"

"नकाशा आहे बाबा."

"त्ये दिसतंय मला बी. दोरे कशाचे?"

मी सांगितलं. जो जिथं राहू शकतो, तेवढा भाग त्याचा. हिरवा दोरा माझा. जिथं सगळे दोरे भेटतील तिथं जायचं.

"अन् पिवळा?"

"पिवळे तुम्ही."

त्यांनी खिशातून चष्मा काढला, लावला, आणि वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"मी एवढासा व्हय?"

"आत्या आहे म्हणून हैदराबादपर्यंत ओढलाय," मी घाईनं म्हटलं, जणू त्यांच्यावर उपकारच केले होते.

"कोण म्हणलं तुला, मी इथपतोरच हाये म्हणून?"

"तुम्हीच. बारावीनंतर मला पुण्याला इंजिनिअरिंग मिळत होतं तेव्हा. डोळ्यासमोर राह्य, नायतर आपल्या माणसात राह्य."

बाबा पलंगाच्या कडेवर टेकले. "तवा तुझी माय दवाखान्यात व्हती, मेघा. तिला घरी आणल्यावर कोण बघंल, ह्याच्यानंच डोकं फिरलं व्हतं माझं. ती गेली. त्याच्यानंतर तू मला इचारलंच नाय कधी."

खरंच नव्हतं विचारलं. एकदा ऐकलं होतं आणि तेच धरून बसले होते. प्रमेयातलं एक गृहीतक तपासायचं राहिलं तर सर पेपरभर लाल रेघा मारायचे, आणि इथं मी माझ्या बापालाच न तपासता घेतलं होतं.

"अन् ह्यो तांबडा कोण?"

मला वाटत होतं ते विसरतील. माझे कान तापले.

"पोरगा हाये?"

"हो."

"नाव?"

"प्रणय. फर्दापूरचा आहे. शिकवतो. त्याची आई..."

"त्याचा दोरा कोणी लावला? तूच?"

"नाही. त्यानं."

बाबांनी चष्मा काढला. "मंग माझा बी मला लावू द्यायचा व्हता."

ते रागानं नव्हते म्हणाले. रागानं म्हणाले असते तर मला इतकं लागलं नसतं. मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. त्यांच्या शर्टाला मशीनच्या तेलाचा वास येत होता. तो वास आता त्यांच्या अंगाला येत नाही, ते रिटायर झालेत; पण कुठल्या गॅरेजवरून गेलं की अजून माझा पाय अडखळतो.

मग ते उठले. आईच्या मशीनचा खण उघडून पिवळ्या दोऱ्याचं अख्खं रीळ घेऊन आले. मी लावलेला दोरा त्यांनी टाचण्यांवरून काढला आणि नव्या टाचण्या टोचल्या, पार श्रीनगरला, कच्छला, गुवाहाटीला, खाली कन्याकुमारीला. मशीनमध्ये सुटा भाग बसवावा तशा जपून एकेक.

"पुरतंय का बघ."

"श्रीलंका राहिली," मी नाक ओढत म्हटलं.

"तिथं बी कॉलेज हाये का?" त्यांनी गंभीरपणे विचारलं. मग म्हणाले, "उद्या त्याला बोलव."

रविवारी प्रणय आला. इस्त्रीचा शर्ट, कॉलर पावसानं भिजलेली, आणि चेहरा तोंडी परीक्षेला आल्यासारखा. "जय भीम, काका," म्हणाला आणि उभाच राहिला. बाबांनी बस म्हटल्यावर बसला. चहाचा कप हातात धरून ठेवला, प्यायचं मात्र सुचलं नाही.

बाबांनी नकाशा त्याच्यासमोर ठेवला. पिवळा दोरा बघून तो माझ्याकडे बघायला लागला. मी पंख्याकडे बघत होते.

"तुमचं पुण्याच्या पुढं का नाय हो?" बाबांनी विचारलं.

"आई एकटी आहे, काका. दुकान तिला सोडवत नाही. अन् मी लांब गेलो तर ती..."

"ती म्हणली असं?"

प्रणयनं न प्यालेला कप खाली ठेवला.

"हे... विचारायचं राहिलं," तो म्हणाला.

बाबांनी आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "दोघं बी एवढं शिकले, अन् दोघांनी बी माणसाला न इचारता उत्तर काढलं," ते म्हणाले. "चला. फर्दापूरची गाडी कवा हाये?"

आम्ही तिघं एस्टीनं निघालो. सिल्लोडच्या पुढं डोंगर लागले. कपाशीच्या कोवळ्या रोपांवर पाऊस होता. प्रणय उभा होता, बाबा आणि मी बसलेलो. मला मनातून भीती वाटत होती. एक बाबा मोठ्या मनाचे निघाले म्हणून सगळीच माणसं तशी निघतील असं थोडंच आहे?

मनकर्णाबाई दुकानात दगड पुसत बसल्या होत्या. लहानखुऱ्या बाई, आवाज मात्र फाट्याच्या त्या टोकाला ऐकू जाईल असा. जय भीम झाला, पाणी झालं. प्रणय चप्पल काढून त्यांच्यासमोर खाली बसला.

"आये, मी हैदराबादला गेलो तर चालंल का तुला?"

"हैदराबादला?" त्यांनी पुसता दगड खाली ठेवला. "का रं?"

"ही तिथं शिकायला चाललीय."

मनकर्णाबाईंनी माझ्याकडे नीट बघितलं, वरपासून खालपर्यंत. "हिच्यापायी सीताफळं नेत व्हता व्हय तू? मला म्हणायचा, सरांना देतो."

बाबांना हसू आवरेना. मी कुठं बघावं मला कळेना, म्हणून दगडांकडे बघितलं.

"जा की," त्या म्हणाल्या. "कवाचं म्हणते मी, पहाटं उठून एवढं लांब जातो, लोकायच्या बाकावर झोपतो, जीवाचे हाल करतो. आयकतोस कुठं तू? तुझ्या डोक्यात मी लई म्हातारी झाली."

"अन् तुला काही झालं तर?"

"पारगावचा अप्पाराव बाजूच्या दुकानात हाये, फोन हाये, दवाखाना हाये. अन् लई लोकं येतेत हैदराबादेहून लेण्या बघायला. मी बी येऊन बघते की त्यायचं गाव." त्यांनी दगड पुन्हा उचलला. मग पुसता पुसता, आवाज एकदम खाली आणून, म्हणाल्या, "सणाला मात्र यायचं. दोघांनी."

प्रणयनं मान खाली घातली. त्याचे डोळे भरले होते, माझेही. त्या 'दोघांनी'मध्ये सगळं आलं होतं.

परतताना गाडीत तिघांची सीट मिळाली. मी खिडकीशी, प्रणय कडेला, आणि मध्ये बाबा. ते मुद्दाम मध्ये बसले की काय, मी अजून विचारलेलं नाही. प्रणयचं शहरात काहीच काम नव्हतं. आम्हाला सोडायला आला होता, तसाच उलट्या गाडीनं जाणार होता. काचेवरून पावसाचे ओघळ वाकडेतिकडे वाहत होते. बाबांनी टोपी पुढं ओढली आणि डोळे मिटले.

"तिथं गणिताचा मास्तर म्हणून घेतील का मला?" प्रणयनं बाबांच्या डोक्यावरून हळूच विचारलं.

"हिंदी येते?"

"पर्यटकांना दगड विकत मोठा झालोय. सगळं येतं."

"मग घेतील."

गाडी फुलंब्रीच्या पुढं आली. तो बोटानं पुढच्या सीटच्या दांडीवर काहीतरी रेघा ओढत होता. मला त्याची ती थांबायची तऱ्हा आता ओळखता यायची.

"मेघा..."

"हं?"

"नकाशा झाला, आई झाली, काका झाले. पण एक... म्हणजे मी तुला अजून म्हटलंच नाही."

"काय?"

त्यानं बाबांकडे बघितलं. त्यांचे डोळे मिटलेले, श्वास संथ. मग माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा बाबांकडे.

"म्हणा म्हणा," बाबा डोळे न उघडता म्हणाले. "मी झोपलोय."

आणि मग, माझ्या बापाच्या डोक्यावरून, भरल्या एस्टीत, कंडक्टर तिकिटं फाडत पुढं येत असताना, तो म्हणाला. पूर्ण वाक्य म्हणाला, एक शब्द न गाळता. मीही म्हणाले, त्याच्याहून मोठ्यानं, कारण मला माणसांसमोर बोलायची भीती त्या दिवशी वाटली नाही. गाव येईपर्यंत बाबांनी डोळे उघडले नाहीत. फक्त एक हात माझ्या हातावर ठेवला होता आणि दुसरा त्याच्या.